तेरड्याचा रंग तीन महिने

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्याने कुणी रचली, त्याने फूल पाहिले. झाड पाहिले नाही. तेरड्याचे एक फूल दोन-तीन दिवसांत गळून पडते, हे खरे. पण ते गळते तेव्हा त्याच दांड्यावर वरच्या पेराशी दुसरी कळी उमलायला आलेली असते आणि तिच्या वर तिसरी. मृगात पडलेले बी श्रावणात फुलू लागते आणि गौरी जाऊन पितृपक्ष लागला तरी फुलतच असते. महिन्या-महिन्याच्या अंतराने आणखी दोनदा चिमूटभर बी टाकले, तर दिवाळीपर्यंत दारात तेरडा राहतो. पावसाळ्यात पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना डोंगरउतारावर जो गुलाबी रंग दिसतो त्यात रानतेरडा असतोच, आणि रायगडातल्या असंख्य घरांत गौर म्हणून जी रोपे वाजतगाजत आणली जातात तीही त्याचीच. म्हणीने ज्याला क्षणभंगुर ठरवले, त्यालाच घरांनी देवीचा मान दिला. मला वाटते, यात घरांचे निरीक्षण म्हणीपेक्षा पक्के होते. एका हंगामात जन्मून, भरभरून फुलून, बी टाकून संपणारी ही जी फुलझाडे आहेत, तीच पनवेलसारख्या शहराला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दिवस फुले देऊ शकतात. अट एकच: ती बियांपासून वाढवली पाहिजेत. आज मात्र घरे, सोसायट्या आणि सार्वजनिक बागा या सगळ्यांचा पैसा उलट्या टोकाला जातो. फुललेले रोप विकत आणायचे, महिनाभर पाहायचे, वाळले की फेकायचे आणि पुन्हा नवे आणायचे. हा खर्च टाळता येतो, आणि टाळल्याने फुले कमी न होता वाढतात, हे मला इथे मांडायचे आहे.

हंगामी झाड इतके दिवस का फुलते, हे समजले की पुढचा हिशेब सोपा होतो. आंब्याला घाई नसते. तो यंदा मोहरला नाही तर पुढच्या वर्षी मोहरेल. झेंडूला, झिनियाला, कॉसमॉसला पुढचे वर्ष नाही. मरण्यापूर्वी बी तयार करणे एवढे एकच काम त्यांना करायचे असते आणि फूल ही त्या कामाची पहिली पायरी. बी भरले की झाडाची ताकद त्या बियांकडे वळते आणि नव्या कळ्या थांबतात. बी धरण्याआधीच कोमेजलेले फूल खुडले, तर काम अपुरे राहिल्यामुळे झाड पुन्हा कळ्या काढते. म्हणून बहर लांबवण्याची किल्ली पैशात नसून बोटांत आहे. रोप वीतभर झाल्यावर एकदा शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी चार येतात. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी वाळकी फुले काढत राहायची. एवढ्यावर झेंडू दोन-अडीच महिने सहज फुलतो. आता रोपवाटिकेत विकत मिळणारे फुललेले रोप पाहा. ते लहानशा पिशवीत वाढलेले असते, मुळे आत गोल गुंडाळलेली असतात, खताच्या जोरावर त्याला विक्रीच्या दिवसापर्यंत पूर्ण फुलवलेले असते. म्हणजे त्याचे अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या जागेत सरलेले असते आणि आपण विकत घेतो ते उरलेले अर्धे. शिवाय मुंबईच्या बाजूला येणाऱ्या रोपांपैकी बरीचशी घाटावरून येतात. पुण्याजवळचे उरुळी कांचन आणि सोरतापवाडी ही गावे रोपवाटिकांसाठीच प्रसिद्ध आहेत. तिथल्या कोरड्या हवेत वाढलेले रोप बोरघाट उतरून पनवेलच्या दमट हवेत आले की आठवड्याभरात मान टाकते. ‘आमच्या हाताला झाडे लागत नाहीत’ असे मग माणसे म्हणतात. दोष हाताचा नसतो. जे बी इथेच रुजते, त्याचे पहिले पान इथल्याच हवेत उघडते आणि ते या हवेला सरावूनच मोठे होते.

पैशाचे बोलायचे तर साध्या बियांचे पाकीट दोन-तीन वडापावांच्या किमतीत येते. त्यात झेंडूचे किंवा झिनियाचे तीस-चाळीस बी असेल, निम्मेच उगवले असे धरले तरी पंधरा-वीस रोपे हाती येतात. तेवढ्याच पैशात फुललेली रोपे दोन-तीन मिळतील. हा फरक पहिल्या वर्षीचा. दुसऱ्या वर्षी तर पाकीटही लागू नये, कारण झेंडूचे एक चांगले पिकलेले फूल डझनांनी बी देते आणि ‘ऑफिस टाइम’ या फुलझाडाचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास मावते. खरा खर्च असतो तो कुंडी आणि माती यांचा, आणि तिथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. हंगामी झाडाची मुळे उथळ असतात. त्याला सहा ते आठ इंच खोलीचे, तळाला भोके पाडलेले कुठलेही भांडे चालते. रंगाची रिकामी बादली, तेलाचा डबा, फळवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, यांपैकी काहीही. रोपे करायला दुधाच्या धुतलेल्या पिशव्या पुरतात. माती म्हणाल तर आपल्याकडची नुसती तांबडी माती कुंडीत घट्ट बसते आणि पाऊस लागला की दगडासारखी होते. तिच्यात निम्म्याने कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट आणि मूठ-दोन मुठी भाताचा तूस मिसळला की ती मोकळी होते. रायगड हा भाताचा मुलूख आहे. गिरणीवर तूस अजूनही नाममात्र किमतीत मिळतो, त्यासाठी महागडी पोती आणायची गरज नाही. वसाहतींमधल्या रस्त्याकडेच्या झाडांचा पाला दर उन्हाळ्यात ढिगांनी झडतो आणि झाडून पेटवला जातो. श्रीपाद दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून आयुष्यभर हेच सांगितले की हा पाला म्हणजेच माती आहे. एका सोसायटीचा एका उन्हाळ्याचा पाला कुजवला तर तिच्या सगळ्या गॅलऱ्यांना वर्षभर पुरेल.

मग लोक बी पेरत का नाहीत? पेरतात, पण एकदा पेरून निराश होतात, आणि त्याचे कारण बहुधा वेळापत्रक हे असते. पाकिटावरच्या सूचना सगळ्या देशासाठी एकच छापलेल्या असतात. ‘पावसाळ्यात पेरा’ हे वाक्य जिथे वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे बरोबर आहे. पनवेलला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैच्या झडीत उघड्यावर पेरलेले बी एकतर वाहून जाते किंवा उगवून दोन पानांवर असताना बुडाशी कुजून आडवे पडते. शेतकरी त्याला मर म्हणतो आणि भाताची रोपे करतानाही तो नक्षत्र पाहूनच बी टाकतो. फुलांनाही तोच न्याय लावला पाहिजे. तेरडा आणि कोंबडा ही मृगाची पिके. पावसात भिजणे त्यांना मानवते. दसऱ्याला दारात स्वतःचा गोंडा हवा असेल, तर दसऱ्याच्या दोन-सव्वादोन महिने आधी, म्हणजे पुष्य किंवा आश्लेषा नक्षत्रात बी पडायला हवे. हे दिवस ऐन पावसाचे, त्यामुळे रोपे गॅलरीच्या आत, पागोळी न पडणाऱ्या पण उजेडाच्या जागी करायची आणि पावसाचा जोर ओसरला की बाहेर काढायची. मोठ्या झेंडूला फुलायला साठ ते सत्तर दिवस लागतात, लहान फ्रेंच झेंडूला पन्नासच्या आसपास. या पेरणीचा आणखी एक फायदा आहे. दिवस लहान होत जातात तसा झेंडू लवकर कळ्यांवर येतो, झाड फार उंच न होता फुलते आणि कुंडीत आवरते. जूनमध्ये लावलेला झेंडू कमरेइतका वाढून वाऱ्याने मोडतो आणि लोकांना वाटते जातच वाईट होती.

हस्ताचा पाऊस सरता सरता हिवाळी पेरणी होते, आणि इथे मला एक मत ठामपणे मांडावेसे वाटते: पिटुनिया आणि पॅन्सी यांचा नाद पनवेलकरांनी सोडावा. दिल्ली-चंदीगडच्या बागांचे फोटो पाहून ही रोपे आणली जातात. आपली थंडी मोजून दोन-अडीच महिन्यांची, तीही बेताची. फेब्रुवारी सरला की ही झाडे करपतात. त्याऐवजी झेंडूची दुसरी पेरणी आणि अ‍ॅस्टर घ्यावा. अ‍ॅस्टर आपल्या हारवाल्यांच्या ओळखीचा आहे, आणि महाराष्ट्राने त्यावर कामही केले आहे; राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले गणेश’ या नावाने पांढरा, गुलाबी, जांभळा असे वाण दिले आहेत. त्यांचे बी घरी धरता येते. फेब्रुवारीत पुन्हा झिनिया, गॉम्फ्रिनाची जांभळी बटणे आणि ऑफिस टाइम. हे शेवटचे झाड ऊन जितके जास्त तितके जास्त फुलते, मांसल पानांत पाणी साठवते आणि थोडा खारेपणाही सोसते. खाडीकडच्या वसाहतींमध्ये जिथे मातीला किंवा बोअरच्या पाण्याला खार असतो तिथे हा गुण मोठा आहे. खाऱ्या जमिनींचा प्रश्न पनवेलला नवा नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र इथेच आहे आणि खार सोसणाऱ्या भाताच्या ‘पनवेल’ नावाच्या जाती तिथूनच निघाल्या.

आणि सदाफुली. ती काटेकोरपणे एकवर्षायू नाही. पण बियांपासून सहज येते, पेरल्यापासून तीनेक महिन्यांत फुलते आणि मग थांबतच नाही. तिला खुडावेही लागत नाही, कारण वाळलेले फूल आपोआप गळते आणि शेंगा पानांआड गुपचूप पिकतात. मादागास्करची ही रहिवासी आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींत, गटाराच्या कडेला, स्टेशनच्या फलाटाच्या फटीत उगवते आणि म्हणूनच तिची किंमत कुणी केली नाही. याच झाडापासून १९५०च्या दशकाच्या अखेरीस व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. (म्हणून कुणी पाने चावून खाऊ नयेत, झाड विषारी आहे, औषध प्रयोगशाळेत वेगळे काढावे लागते.) तिचा एकच शत्रू म्हणजे मुळाशी साचलेले पाणी. पावसाळ्यात कुंडी छपराखाली सरकवली, तर बाराही महिने फूल देणारे यापेक्षा स्वस्त झाड पनवेलमध्ये नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जाणकारांचा आहे: आजची बहुतेक बियाणी संकरित असतात, त्यांचे बी धरून उपयोग नाही. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. संकरित झेंडूचे बी उगवत नाही हा गैरसमज. ते उगवते, फक्त पुढची पिढी एकसारखी येत नाही. काही फुले मोठी, काही लहान, काही एकेरी, रंगही वेगवेगळे. हारासाठी टनांनी माल पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे परवडत नाही. गॅलरीतल्या दहा कुंड्यांना याने काय बिघडते? उलट एकेरी फुलांत मध आणि पराग उघडे असतात, त्यावर सातेरी आणि फुलोरी माशा बसतात, फुलपाखरे येतात. गच्च भरलेल्या फुलात त्यांना हाती काही लागत नाही. ज्यांना हुबेहूब तेच फूल हवे त्यांनी सरळ वाणाचे बी मागावे. झेंडूत दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा नारंगी’ आणि ‘पुसा बसंती’ असे सरळ वाण आहेत. झिनिया, कॉसमॉस, तेरडा यांतही साधे बी मिळते. बी जपणे, वाटणे, परत पेरणे हा आपला जुना व्यवहार आहे आणि २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा तो हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी भाज्या आणि धान्यांचे बियाणे राखेत, मडक्यात जपून ठेवले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. भाजीच्या बाबतीत जे घराघरांत शक्य होते, ते फुलांत अवघड असण्याचे कारण नाही.

फक्त दोन गोष्टी नीट सांगितल्या पाहिजेत, कारण त्या न सांगितल्यामुळे लोकांचा विरस होतो. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळवून पेरला की हमखास उगवतो असे सर्रास सांगितले जाते. तोरणातली बरीच फुले बी भरण्याआधीच तोडलेली असतात. त्यांतली काडी पोचट असते. बोटांत दाबून पाहिली की कळते: काळी, टणक, भरीव काडी उगवते, फिकट आणि चपटी उगवत नाही. म्हणून तोरणावर विसंबण्यापेक्षा आपल्याच झाडावरची दोन-तीन सुरेख फुले बियांसाठी राखून ठेवावी, ती झाडावरच पूर्ण वाळू द्यावी. तेरड्याचे तंत्र निराळे. त्याची शेंग पिकली की बोट लागताच फुटते आणि बी चार हात दूर उडते. शेंग फुगून फिकट हिरवी झाली की अलगद मुठीत धरून खुडायची. दुसरी गोष्ट दमटपणाची. बियाणे-शास्त्रातला एक ढोबळ ठोकताळा असा की बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य दुप्पट होते. याचीच दुसरी बाजू म्हणजे पनवेलच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उघड्या पुडीत ठेवलेले बी एका पावसाळ्यात मरू शकते. अ‍ॅस्टरचे बी तर मुळातच अल्पायुषी. सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पुडीत, ती पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात मूठभर कोरडे भाजलेले तांदूळ, आणि जागा असेल तर डबा फ्रिजमध्ये; इतके केले की बी पुढच्या मोसमापर्यंत टिकते.

दुसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. झेंडू, झिनिया, कॉसमॉस हे मूळचे मेक्सिकोचे, सदाफुली मादागास्करची. परकी झाडे आणून आपण इथल्या निसर्गाचे नुकसान करत नाही का? झेंडूपुरते उत्तर सोपे आहे. तो युरोपीय जहाजांतून आला असे मानले जाते, त्याला काही शतके झाली, मिरची आणि बटाट्यासारखा तो आपल्या घरात मुरला आणि रानात तो पसरत नाही. त्याच्या मुळांतून झिरपणारी द्रव्ये जमिनीतल्या सूत्रकृमींना रोखतात, म्हणून शेतकरी टोमॅटोच्या कडेने झेंडू लावतात. कॉसमॉसची गोष्ट मात्र तशी नाही. पिवळा-केशरी कॉसमॉस कुठेही उगवतो, हजारो बी टाकतो आणि पुण्याच्या परिसरातल्या टेकड्यांवर व रस्त्यांच्या कडेने तो असा पसरला आहे की स्थानिक गवतफुलांना जागा उरत नाही. घाणेरीने आपल्या जंगलांचे काय केले हे आपण पाहिले आहे; तीही कधीकाळी बागेतले शोभेचे झाड म्हणूनच आली होती. पनवेलपासून हाकेच्या अंतरावर १९६८ साली घोषित झालेले कर्नाळा अभयारण्य आहे. म्हणून माझे म्हणणे असे की केशरी कॉसमॉस कुंडीतच ठेवावा, त्याची फुले बी धरण्याआधी खुडावी, आणि पावसाळी सहलीला जाताना ‘निसर्ग फुलवण्यासाठी’ त्याचे बी किंवा त्याचे बीजगोळे डोंगरावर फेकण्याचे उपक्रम तर कुणीही करू नयेत. ज्याला डोंगराच्या जवळ राहून निश्चिंतपणे पेरायचे आहे, त्याच्यासाठी तेरडा आहे. तो इथलाच आहे.

पाण्याचा आक्षेप पनवेलमध्ये कुणीही काढील. देहरंग धरण एकट्याने शहराची तहान भागवू शकत नाही, एप्रिल-मे आला की टँकरची चर्चा सुरू होते. अशा वेळी फुलांना पाणी? दहा मध्यम कुंड्यांना उन्हाळ्यातही दिवसाला अर्धी-पाऊण बादली पुरते आणि ती तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्यातून निघू शकते. त्यातूनही टंचाई फार असेल तर हंगामी झाडांचा मोठा गुण हा की ती त्या हंगामापुरती लावलीच नाहीत तरी चालते. विकत घेतलेली महागडी शोभेची झाडे उन्हाळ्यात जगवावीच लागतात. बी डब्यात पाण्याशिवाय वाट पाहते. डासांची भीती रास्त आहे, कारण डेंग्यूचा डास कुंडीखालच्या बशीतल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. पावसाळ्यात बश्या काढूनच टाकाव्या आणि एरवी आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्या. ऊन मात्र लागतेच, निदान चार-पाच तासांचे. उत्तरेकडे तोंड असलेल्या गॅलरीत झेंडूचा हट्ट धरू नये. तिथे तेरडा बऱ्यापैकी फुलतो. सोसायटीची कुंड्या कठड्यावर ठेवू नका ही सूचना तर पाळलीच पाहिजे. वरून पडलेली कुंडी माणसाचा जीव घेते. कुंडी कठड्याच्या आत, जमिनीवर.

आणखी एक आक्षेप असा येईल की सगळ्यांनी बी पेरले तर रस्त्याकडेच्या रोपवाटिकांचे पोट कसे भरणार? हे लोक दिवसभर उन्हात उभे राहून कमावतात, त्यांच्याविषयी बेफिकीर राहून चालणार नाही. पण ज्याला गॅलरीत फुले येऊ लागतात तोच पुढे खत, माती, कुंड्या, मोगऱ्याचे किंवा लिंबाचे रोप घ्यायला रोपवाटिकेत जातो. ज्याची तीन रोपे मेली तो परत जात नाही. आणि बी पेरायला ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी तीन-चार पानांवर आलेली, न फुललेली हंगामी रोपे ट्रेमध्ये करून विकण्याचा धंदा इथेच उभा राहू शकतो. भाजीपाल्यात तो राज्यभर चालतो. घाटावरून फुललेली रोपे वाहून आणण्यापेक्षा पनवेलच्या हवेत पनवेलच्याच माणसाने केलेली रोपे विकणे त्यालाही स्वस्त आणि घेणाऱ्यालाही.

सार्वजनिक जागांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण तिथे पैसा सगळ्यांचा असतो. १८५२ साली स्थापन झालेली पनवेलची नगरपालिका २०१६मध्ये महापालिका झाली; जुने गाव, सिडकोच्या वसाहती आणि आजूबाजूची खेडी एका छत्राखाली आली. एवढ्या पसाऱ्यात दुभाजक, चौक, तलावांचे काठ, बागा यांची फुले हा छोटा विषय वाटेल, पण तो दररोज प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असतो. आपल्याकडे कुठल्याही शहरात सुशोभीकरणाचे काम बहुधा रोपांच्या नगांवर मोजले जाते. इतकी रोपे लावली, इतके बिल. अशा मोजणीत ठेकेदाराचा फायदा फुललेली रोपे आणून खोचण्यात आहे आणि ती लवकर मेली तर पुन्हा खोचण्यात. मोजणी बदलावी. एखाद्या वाफ्यात वर्षातले किती महिने फुले होती, यावर पैसे द्यावेत. मग ठेकेदार आपोआप बी पेरील, शेंडे खुडील, नक्षत्र पाहील. वडाळे तलावाच्या काठी संध्याकाळी फिरायला येणाऱ्या कुणालाही महिने मोजता येतात, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. गणपती आणि दसऱ्यानंतर जे निर्माल्य गोळा होते त्यातली पिकलेली झेंडूची फुले वेगळी काढून त्यांच्या भरीव काड्या वाळवल्या, तर शहराच्या वाफ्यांसाठी बियांवर खर्च फारसा उरणार नाही.

आणि शाळा. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा मृग चालू असतो, माती ओली असते, आणि तेरड्याचे बी टाकायला याहून चांगला आठवडा नाही. पाचवी-सहावीच्या मुलांना वह्या-पुस्तकांबरोबर एक कागदी पुडी द्यायला एका मुलामागे रुपया-दोन रुपयेही लागणार नाहीत. पुढच्या वर्षी तेवढेही नाही, कारण मुलांनीच शेंगा फोडून बी परत आणलेले असेल. मुले ते दुधाच्या पिशवीत लावतील, काहींचे पावसाने झोडपून जाईल, काहींचे शेजारच्या बोकडाने खाल्ले असेल, उरलेल्यांचे साठाव्या दिवसाच्या आसपास पहिले फूल उमलेल. भाद्रपदात गौरी यायच्या दिवशी त्या घरातल्या बाईला तेरड्याची जुडी घ्यायला उरण नाक्याच्या गर्दीत जावे लागणार नाही. ती गॅलरीचे दार उघडेल.